डावा हात वळण, उजवा हात पाऊस

गेल्या वर्षी ओवासे गावात एक बातमी अगदी पक्की झाली होती. मासळीबाजारात, न्हाव्याच्या खुर्चीत, सार्वजनिक न्हाणीघराच्या गरम हौदात, जिथं दोन माणसं भेटतील तिथं ती निघायचीच. गॅरेजवाल्या मुकाईला वायपर दुरुस्त करता येत नाही!

दुसऱ्या एखाद्या गावात कुणी मान वर करूनही बघितलं नसतं. पण आमच्या ओवासेत पाऊस पडत नाही, कुणीतरी वरून बादल्या उपड्या करतं. छत्री आम्ही घेतो ती केवळ लोकलाजेस्तव. भिजायचं ते भिजायचंच. अशा गावात छत्तीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या माणसाला वायपर जमत नाही म्हणजे आचाऱ्याला भात शिजवता येत नाही म्हणण्यासारखं झालं.

तर आधी हे सांगून टाकू की बातमी खोटी होती. मुकाईला वायपर दुरुस्त करता येत होता. पण तो वायपर बिघडलेलाच नव्हता, आणि हे मुकाईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ही खोटी बातमी गावभर करण्यात गॅरेजसमोरच्या सुक्या मासळीच्या दुकानातली मंडळी सर्वांत पुढे होती. प्रस्तुत लेखिका त्याच दुकानात वाढली, एवढं कबूल करून पुढे जाऊ.

मुकाई तेत्सुजी. वय बासष्ट, उंची बेताची, आवाज असा की बॉनेटखालून येतोय असं वाटावं. गाडीला काय झालंय ते त्याला आवाजावरून कळायचं, पण तोंडावाटे सरळ बाहेर यायचं नाही. प्रत्येक वाक्य "तसं म्हणायला गेलं तर" असं सुरू व्हायचं आणि "असं म्हणता येईल" इथं येऊन थांबायचं. टायर पंक्चर असला तरी तो म्हणायचा, "तसं म्हणायला गेलं तर, टायरमध्ये हवा राहिली नाही, असं म्हणता येईल." आणि गिऱ्हाईक निघालं की हा टोपी काढून रस्त्याच्या कडेला कमरेतून वाकून उभा राहायचा. गाडी दिसेनाशी होईपर्यंत. तसं सगळेच करतात; पण मुकाईच्या दारातून बंदराचा रस्ता थेट बर्फाच्या कारखान्यापर्यंत नाकासमोर जातो, मध्ये एक वळण नाही. त्यामुळे गिऱ्हाईक सावकाश चालवणारं असलं की मुकाईची कंबर कामातून जायची. तरी एकदाही त्यानं मध्येच मान वर केली नाही.

सर्वांत सावकाश चालवायच्या त्या नोगामीबाई. वय एकोणऐंशी. प्राथमिक शाळेच्या चौथीला त्यांनी निम्म्या गावाला भागाकार शिकवला, मुकाईलाही. त्यांचे यजमान दातांचे डॉक्टर. त्यांनी दवाखाना बंद केला तेव्हा स्वतःला बक्षीस म्हणून एक विलायती गाडी घेतली. लालभडक, दोनच माणसांची, जमिनीला चिकटलेली, पळायला निघाल्यासारखी. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर गेले. बाई आता ती गाडी विकतील असं सगळे धरून चालले होते. पण गेल्या वर्षी मार्चात बाईंनी विकली ती आपली चाळीस वर्षांची सवयीची छोटी पांढरी देशी गाडी. का, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "हिची बैठक खाली आहे. उतरताना गुडघ्यांना व्यायाम होतो."

गोष्ट एप्रिलातली, चक्क ऊन पडलं होतं त्या दिवसाची. लाल गाडी गॅरेजात शिरली.

"मुकाई."

"जी, बाई."

"वायपर आपोआप चालतो. कोरड्या काचेवर. आणि फक्त वळणावर."

"फक्त वळणावर?"

"मी काय म्हटलं? वळताना कुठंतरी तार घासत असणार. चल, बस शेजारी. दाखवते."

मुकाई पाय पोटाशी घेऊन शेजारी बसला. गाडी पोस्टाच्या कोपऱ्याशी आली. बाईंनी आरशात बघितलं, मान वळवून बघितलं, सगळं अगदी पुस्तकातल्यासारखं केलं आणि उजव्या हातानं स्टिअरिंगजवळची दांडी ढकलली. खर्र! खर्र! कोरड्या काचेवर वायपर नाचायला लागले.

आमच्या देशी गाड्यांत वळणाचा दिवा उजव्या हाताच्या दांडीवर असतो आणि वायपर डाव्या. विलायती गाडीत बरोबर उलटं. डॉक्टरांना सवय झाली होती. बाईंचा हात मात्र चाळीस वर्षं पांढऱ्या गाडीत शिकलेला होता.

"बघितलंस?" बाई म्हणाल्या.

मुकाईनं बघितलं होतं. एक वाक्य, तेही पुरं नको, नुसतं "बाई, डावी दांडी" एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. त्यानं तोंड उघडलंही.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "जानेवारीत तो खांब घासला ना, तेव्हापासून तात्सुओ मागे लागलाय. म्हणतो, आई, आणखी एक काही झालं तर परवाना पोलिसांत जमा करायचा. नागोयात बसून बोलायला त्याचं काय जातं! आता हा वायपर. गाडीचा दोष माझ्या नावावर नको लागायला."

मुकाईनं तोंड मिटलं. बाई राहायच्या खिंडीपलीकडच्या खाडीवर. तिथं बस दिवसातून दोनदा. तिथल्या तीन म्हाताऱ्यांना बाई दवाखान्यात आणायच्या. गाडीत जागा एकच, म्हणून सोमवारी एक, बुधवारी एक, शुक्रवारी एक. परवाना गेला की पोलीस एक छानसं प्रमाणपत्र देतात आणि माणूस घरात बसतो. मुकाईच्या आईनं ते प्रमाणपत्र चौकटीत लावलं होतं आणि त्यानंतर ती फारशी कुठं गेलीच नाही.

"तसं म्हणायला गेलं तर," मुकाई म्हणाला, "तार सैल असावी, असं म्हणता येईल."

बाहेर पडला एवढासा शब्द, पण रात्री जेवताना मुकाईचा मासा तसाच राहिला. बायकोनं, सुमिएनं, विचारलं, "काय झालं? मासा नीट भाजला नाही का?"

त्यानं सांगितलं.

"अहो, मग सांगायचं ना सरळ!"

"बाईंना?"

"नाहीतर काय मला?"

"त्यांनी मला भागाकार शिकवलाय."

"मग?"

"मग काय मग!" मुकाई म्हणाला आणि भाताच्या वाडग्यात तोंड घातलं.

आठ दिवसांनी लाल गाडी परत आली. मुकाईनं आधी एक चोरटा उपाय केला. दांडीवर लाल चिकटपट्टीचा तुकडा लावला, हात लागला की बाईंना आपोआप कळेल म्हणून. बाईंनी दोन दिवसांनी तो आणून त्याच्या हातावर ठेवला. "मुकाई, काम झाल्यावर कचरा उचलावा. चौथीत काय शिकवलं होतं?"

मग त्यानं अख्खी दांडी बदलली. ती यायला दोन आठवडे लागले. बसवली, तपासली, कमरेतून वाकून माफी मागितली. पुन्हा वळणावर खर्र, खर्र.

बाई तर काय, सत्यवचनी. कुणी विचारलं की सांगायच्या, "मुकाई फार कष्ट घेतो हो. पण त्याला सापडत नाहीये. बिचारा." त्या 'बिचारा'नं मुकाईचा निकाल लावला. ट्रकवाला हामाबे गॅरेजवरून जाताना काच खाली करून ओरडला, "मुकाईदा, माझ्या वायपरकडे बघू नका हं! चालतायत तोवर चालू द्या!" न्हाणीघरात मुकाई हौदात उतरला की समोरचे दोघे गळ्यापर्यंत पाण्यात बसून हात डावीकडे-उजवीकडे हलवायचे आणि छताकडे बघायचे. जूनच्या पावसाच्या तोंडावर दरवर्षी वायपरची रबरं बदलायला गाड्यांची रांग लागायची. यंदा तीन आल्या. त्यांतली एक सुमिएच्या भावाची.

आणि समोरच्या दुकानात रोज संध्याकाळी खेळ व्हायचा. एका पोरीनं दोन सुके मासे वायपरसारखे धरायचे, मुकाईच्या आवाजात म्हणायचं, "तसं म्हणायला गेलं तर, हे चालू आहेत, असं म्हणता येईल," आणि टोपी काढून जमिनीला नाक लागेस्तोवर वाकायचं. गिऱ्हाइकं पोट धरून हसायची. एकदा मुकाई नेमका रस्ता ओलांडून खारवलेला मासा घ्यायला आला आणि दारातच थांबला. त्यानं सगळं बघितलं. हसलासुद्धा, थोडंसं. मग मासा न घेताच परत गेला आणि त्या दिवशी वेळेआधीच गॅरेजचं शटर ओढून घेतलं. त्या हसण्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शटरमागे मुकाई एका उलट्या डब्यावर बसला होता. लोक हसतात याचं त्याला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण खरी टोचणी वेगळीच होती. जिथं काही बिघडलेलं नाही तिथं आपण पाना लावतो आणि बाईंना "झालं" म्हणतो. छत्तीस वर्षांत कुणाशी असं केलं नव्हतं. जिच्याशी केलं ती चौथीच्या बाकावर आपल्याला खरं बोलायला लावणारी बाई.

त्यातच नागोयाहून फोन आला.

"मुकाईकाका, मी तात्सुओ. एकच विचारतो, खरं सांगा. दोष गाडीचा आहे की आईचा?"

फोनवर तोंड दिसत नाही हे बरं. "गाडीचा," मुकाई म्हणाला. "मोटरच काढून बघतो."

आता मोटर काढणं आलं. काढली. साफ केली, तेल दिलं, जशी होती तशी परत बसवली, आणि तिथं मुकाईच्या हातून अशी चूक झाली की नवशिक्यालाही तीन दिवस तोंड दाखवायला जागा राहू नये. वायपरची मोटर मध्येच थांबलेली असेल तर आधी तिला एकदा चालू करून बंद करायची, म्हणजे ती आपल्या मुक्कामी येऊन थांबते. आणि मगच वरचे दोन दांडे काचेवर आडवे ठेवून आवळायचे. मुकाईच्या कानात तात्सुओचा "खरं सांगा" घुमत होता. त्यानं मोटर तशीच अर्ध्या वाटेवर ठेवली, दांडे आवळले आणि बटण दाबलं. दांडे वर काचेवर जायचे ते खाली आले, काचेची कड ओलांडून बॉनेटवर उतरले आणि डॉक्टरांच्या त्या लालभडक रंगावर दोन वाकड्या रेघा ओढून थांबले.

सुमिए आवाज ऐकून धावत आली. दोघं रेघांकडे बघत राहिली.

"घासून जाईल?"

"नाही."

"मग रंगाचा हात द्या. तुम्ही दिला तर विलायतेहून बनवणारा आला तरी ओळखणार नाही. बाईंना काय कळतंय?"

मुकाईनं बोटानं रेघ चाचपली. "खोटं आधीच एक आहे. आता त्यावर रंग चढवू?"

सुमिए मागे गेली, त्याचा काळा सूट काढला आणि मिठाईच्या दुकानात निघाली. कुणाकडे माफी मागायला जायचं तर हातात मिठाईची पेटी लागते, आणि ती वजनदार हवी. हलकी नेली तर माफीही तेवढीच वाटते. तिनं लाल घेवड्याच्या घट्ट गोड वड्यांची सर्वांत मोठी पेटी घेतली. वीट परवडली.

मुकाई आपल्या व्हॅननं खिंड ओलांडून गेला. बाईंच्या घरी चटईवर गुडघे मोडून बसला, पेटी पुढे सरकवली आणि कपाळ जमिनीला टेकवलं.

"कोण वारलं?" बाईंनी सूट बघून विचारलं.

"कुणी नाही, बाई. मी तुमच्या गाडीचा रंग खरवडला. दोन रेघा, एक वीतभर. मोटर मुक्कामी आणायला विसरलो."

"चूक कुणाच्याही हातून होते. मोटर काढावी लागली म्हणून—"

"काढावी लागली नव्हती." कपाळ अजून चटईलाच होतं. "वायपर बिघडलाच नव्हता. या गाडीत वळणाची दांडी डाव्या हाताला आहे. तुमचा हात उजवीकडे जातो. पहिल्याच दिवशी बघितलं मी. बोललो नाही. तीनदा खोटी दुरुस्ती केली. तात्सुओलाही खोटं सांगितलं."

त्यात 'तसं म्हणायला गेलं तर' नव्हतं. 'असं म्हणता येईल'ही नव्हतं. मुकाईला स्वतःलाच आपलं बोलणं उघड्यानागड्यासारखं वाटलं.

बाईंनी दोन्ही हात समोर धरले, हवेतच स्टिअरिंग धरल्यासारखे. उजवा हात हलवला. मग तो हात खाली ठेवून त्याच्याकडे बघत बसल्या. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाचे कान असे लाल होतात हे मुकाईला माहीत नव्हतं.

"आणि मी गावभर सांगत सुटले, मुकाईला सापडत नाहीये म्हणून," त्या हळू म्हणाल्या. "लोक तुला हसले असतील."

"थोडे."

"खोटं नको आता."

"खूप हसले."

"मान वर कर. तुझ्या डोक्याशी किती वेळ बोलू?" मुकाईनं मान वर केली. "चौथीत पर्जन्यमापक वाचायची पाळी तुझी होती. आठवतं? मी फळ्यावर एकशे नव्वद लिहिलं. तू उभा राहिलास, म्हणालास, बाई, दोनशे नव्वद आहे. मी तुला बाहेर पाठवलं."

"नाही आठवत, बाई."

"मला आठवतं. शाळा सुटल्यावर मी जाऊन बघितलं. दोनशे नव्वदच होतं. सकाळी गुपचूप आकडा पुसून दुसरा लिहिला आणि तुला काहीच म्हटलं नाही. त्यानंतर वर्षभर तू वर्गात हात वर केला नाहीस." त्यांनी पेटी उचलली, वजन बघितलं आणि त्याच्याकडेच परत सरकवली. "उघड. अर्धी तू खायची. एवढी एकट्या म्हातारीला आणतात का?"

चहा झाल्यावर बाईंनी मुकाईच्या समोरच नागोयाला फोन लावला. "तात्सुओ, गाडीला काही झालेलं नाही. चूक माझी आहे. मला एक महिना दे. मग येऊन शेजारी बस आणि बंदराला फेरी मार. सात वळणं आहेत. एकदा जरी कोरड्या काचेवर वायपर हलला तर त्याच दिवशी परवाना मी स्वतः नेऊन देईन. नाही, मुकाईनं खोटं सांगितलं नाही. मुकाईनं बाईंचं ऐकलं. ती खोड मीच लावलेली."

महिनाभर लाल गाडी रस्त्यावर आली नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवारच्या म्हाताऱ्यांना मुकाईच्या व्हॅननं दवाखाना घडला. रेघांना मुकाईनं रंग दिला, पण बाईंना दाखवून, विचारून. "एक राहू दे, बारकी," बाई म्हणाल्या, म्हणून एक राहिली. आणि रोज सकाळी बाई शेडमध्ये बंद गाडीत बसून पाढे म्हणायच्या. डाव्या हातानं हवा ढकलायच्या: "डावा हात वळण!" उजव्यानं: "उजवा हात पाऊस!" शंभर वेळा. शेजारची म्हातारी दाराशी येऊन हातवारे करत साथ द्यायची, तिला गाडी येत नव्हती तरी.

वायपर कधी बिघडलाच नव्हता, ही बातमी आता गावभर झाली. हामाबे ट्रक घेऊन आला आणि काही न बोलता रबरं बदलून घेऊन गेला. सुक्या मासळीच्या दुकानातले खेळ बंद पडले. खेळ करणारी पोर एक दिवस खारवलेला मासा घेऊन रस्ता ओलांडून आली, माफी मागायची म्हणून. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"काका, बाई एकदा तरी चुकणारच. चाळीस वर्षांची सवय महिन्यात जाते होय?"

मुकाई हात पुसत होता. "पैज?"

"पैज! मी जिंकले तर तुम्ही माझ्यासमोर माझी नक्कल करायची."

"आणि हरलीस तर बाईंची गाडी दिसेनाशी होईपर्यंत इथं उभी राहायचीस. कमरेतून वाकून. माशांशिवाय."

ठरलेल्या दिवशी तात्सुओ आला. दाटलेलं आभाळ, पण काच कोरडी. लाल गाडी खिंड उतरून आली. पोस्टाचा कोपरा, बाजाराचा कोपरा, शाळेचा, सहा वळणं झाली. सहाही ठिकाणी कुणी ना कुणी उभं होतं, आणि "नाही हलला, नाही हलला" ही बातमी गाडीच्या पुढे पळत येत होती. गाडी पळतच नसल्यानं तिला ते जमत होतं. सातवं वळण गॅरेजच्या कोपऱ्यावर. मुकाईनं टोपी काढून छातीशी घट्ट धरली होती. शेजारच्या सीटवर तात्सुओ काचेकडे टक लावून बसलेला. बाईंनी आरशात बघितलं, मान वळवून बघितलं. उजवा हात उचलला. उचललाच! बोटं हवेत थांबली. मग तो हात स्टिअरिंगवर परत गेला आणि डावा हलला. पिवळा दिवा लुकलुकला. काच ढिम्म.

गाडी वळली आणि बंदराच्या सरळ रस्त्याला लागली. मुकाई वाकला. शेजारी प्रस्तुत लेखिकाही वाकली, पैजच तशी होती.

आणि आभाळ फाटलं. पाठीवर, मानेवर, कानांत पाणी. खाली मान असल्यानं दिसत काही नव्हतं, पण त्या गदारोळातही दूर जाणारा आवाज कळत होता: खर्र नव्हे, सर्र, सर्र. ओल्या काचेवरचा, बरोबर हातानं लावलेला. तो इतका सावकाश दूर जात होता की बर्फाचा कारखाना यायला पाच मिनिटं सहज लागणार होती.

"गेली का, काका?"

शेजारून, कमरेत वाकलेल्या मुकाईचा बॉनेटखालचा आवाज आला.

"तसं म्हणायला गेलं तर... अजून दिसतेय, असं म्हणता येईल."